पाण्यावर मांडलेली दोन पाने

गेल्या वैशाखात ज्याच्या लग्नाला आम्ही उभयता जाऊन आलो, त्या पुण्याच्या भाच्याचा आश्विनाच्या अखेरीस एका संध्याकाळी फोन आला, आणि खुशाली विचारण्याचा शिरस्ता यथासांग पार पडल्यावर, ज्या कारणासाठी फोन केला होता ते कारण सांगताना मुले जशी थोडी चाचरतात तसा चाचरत तो म्हणाला, "मामा, तुमच्या जिल्ह्यात तापी आहे, नर्मदाही आहे ना? मग आम्हा दोघांनाच बसून जेवता येईल अशी एखादी बोट तिकडे कुठे मिळते का? टेबल, मेणबत्ती आणि आजूबाजूला पाणी, एवढंच पाहिजे." फोनचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत जातो. तेथून उत्तर आले, "मेणबत्तीचं अडणार नाही म्हणावं, ती आपल्याकडे हाताशीच असते."

नंदुरबार जिल्ह्यात अशी बोट नाही, हे त्याला तेव्हाच सांगून टाकता आले असते आणि विषय तेथेच मिटला असता. परंतु जिल्ह्याच्या उत्तर सरहद्दीवर नर्मदा, मध्यातून तापी, दोहोंच्या मधोमध सातपुडा, आणि तरीही येथील माणसाला नदीवर जेवायला बसण्याची कल्पना चेष्टेची का वाटावी, हा प्रश्न त्या फोनानंतर कित्येक दिवस माझ्या मागे लागला. या लेखाचे मूळ त्यात आहे.

नदीचा विचार करण्यापूर्वी जेवणाचा करावा लागेल, कारण पतिपत्नींनी दोघांनीच समोरासमोर बसून जेवणे ही गोष्ट आपल्या समाजात नावेपेक्षाही नवी आहे. आमच्या आजोबांच्या वाड्यात पुरुषांची पंगत आधी, मुलांची मध्ये आणि बायकांची शेवटी अशी जी अलिखित वहिवाट होती, तिच्यात नवराबायकोला एकमेकांच्या समोर पान मांडून बसण्याचा योग बहुधा आयुष्यात एकदाच येई, तो लग्नातल्या पंगतीत. आणि तेव्हाही शेपन्नास डोळ्यांच्या पहाऱ्यात, उखाण्याची सक्ती सोसून, एकमेकांना जिलबीचा घास भरवावा लागे. तेव्हा जेवताना नाव घ्यावे लागे. आता जेवण्यासाठी नावेत बसावे लागते. श्लेष सोपा आहे हे मला मान्य आहे, पण या दोन नावांमध्ये एका समाजाच्या तीन पिढ्यांचे अंतर मावते. भाच्याला पाणी हवे होते ते पाण्यासाठी नव्हेच, आणि हे कळायला मला थोडा वेळ लागला: नाव काठापासून दहा हात सुटली की तिच्यात तिसरे माणूस चढू शकत नाही, हा तिचा खरा गुण. पुण्याच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात तो दुर्मीळ असेल.

नौकाविहाराची हौस मात्र आपल्याकडे मुळीच नवी नाही. पुरीला अक्षय्य तृतीयेपासून सुरू होणाऱ्या चंदनयात्रेत जगन्नाथाचे प्रतिनिधी म्हणून मदनमोहन नरेंद्र सरोवरात शृंगारलेल्या नावेतून फिरतात, आणि तेही सपत्नीक. काशीला बुढवामंगळाच्या उत्सवात गंगेत नावा एकमेकींना बांधून त्यांवर गाण्याच्या मैफली रात्र रात्र चालत. बंगालच्या नद्यांतून साहेब आणि जमीनदार ज्या 'बजऱ्या'तून महिनोगणती फिरत, त्यात निजण्याची खोली, बसण्याची खोली, आणि मागून येणाऱ्या वेगळ्या होडीत मुदपाकखाना असा थाट असे. केरळातल्या ज्या घरनौकांचे फोटो आज प्रत्येक नवविवाहित जोडप्याच्या संग्रही असतात, त्या मुळात भात वाहणाऱ्या 'केट्टुवळ्ळम' होत्या, खिळ्यावाचून, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून बांधलेल्या; रस्ते झाले, लॉऱ्या आल्या, भाताच्या पोत्यांची वाहतूक गेली, आणि रिकाम्या नावांत पाहुणे बसू लागले. आपल्या राज्यात तारकर्लीला कर्ली नदीच्या मुखाशी पर्यटन महामंडळाने तशाच नावा आणल्या. गोव्यात पणजीच्या धक्क्यावरून संध्याकाळी सुटणाऱ्या बोटी मांडवीत तासभर फिरवून आणतात. त्यांवर कलाकार देखणीचा नाच करतात, आणि प्रवासी मंडळी त्यांच्याबरोबर नाचून परत येतात. पॅरिसमध्ये १९४९ साली सुरू झालेल्या 'बातो-मूश' या कंपनीच्या बोटींनी सेन नदीवरील रात्रीचे जेवण ही वस्तू जगभर इतकी प्रसिद्ध केली की, पुढे ज्या ज्या शहराजवळ थोडेसे पाणी होते त्या त्या शहराला आपलीही एक सेन असावी असे वाटू लागले.

मात्र यात एक मेख आहे, आणि ती व्यवसायातल्या माणसाला ठाऊक असली तरी गिऱ्हाइकाला सहसा दिसत नाही. जेवणाला स्थिर पाणी लागते. वाढलेल्या ताटातले वरण एका अंगाला कलू नये, दिव्याची ज्योत हलली तरी दिवा हलू नये, आणि शेजारच्या टेबलावरच्या मंडळींनी एकदम उठून एका बाजूचा देखावा पाहायला गर्दी केली तरी नावेने आपला तोल सोडू नये, यासाठी अशा बोटी रुंद, उथळ बुडाच्या आणि बहुधा दोन लांबट पोटे समांतर ठेवून त्यांवर पाट घातल्यासारख्या बांधतात. जड यंत्रे आणि पाण्याच्या टाक्या खाली, माणसे वर, पण फार वर नाहीत, असा तोल सांभाळतात. आणि विस्तवाच्या भीतीने पुष्कळ ठिकाणी स्वयंपाक काठावरच उरकून बोटीत केवळ गरम करून वाढतात. एवढे करूनही बांधणी माणसाच्या हाती असते आणि पाणी नसते. मुंबईत वांद्र्याच्या किनाऱ्यालगत नांगरलेले एक तरंगते उपाहारगृह २०१८ च्या मे महिन्यात पाहता पाहता बुडाले. वरची माणसे वाचली. समुद्राच्या लाटांपुढे टेबलखुर्च्यांचा टिकाव लागत नाही, आणि उतारावरून धावणाऱ्या नदीपुढेही लागत नाही. म्हणून ज्या नदीवर दोन पाने मांडायची, ती आधी थांबवावी लागते.

पॅरिसची सेनसुद्धा थांबवलेलीच आहे. शहराच्या खालच्या अंगाला सुरेन येथे बंधारा आणि जलद्वार असून, शहरातले पाणी एका ठरावीक पातळीवर धरून ठेवण्याचे काम ते करतात. त्यावाचून उन्हाळ्यातल्या सेनवर एवढ्या मोठ्या बोटी चालत्या ना. मांडवी आणि कर्ली यांची गोष्ट निराळी आहे. मुखाजवळ त्या खाडीच असतात, त्यांचे पाणी उसने असते. भरती देते, ओहोटी परत नेते, आणि या व्यवहारात कोणाचे काही बुडत नाही. परंतु ज्यांना समुद्र शेजारी लाभला नाही, त्या देशावरच्या नद्यांना पाणी धरायचे तर भिंतच घालावी लागते.

आता अहमदाबादचे उदाहरण घेऊ. नंदुरबारहून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीत बसून पुढे गुजरातेत जाणे आम्हा लोकांना मुंबईला जाण्याइतकेच, किंबहुना अधिक, अंगवळणी पडलेले आहे. आणि भाच्याला हवी होती तशी बोट आमच्या वाटेवर जर कोठे असेल तर ती तेथे आहे. साबरमतीच्या पात्रात २०२३ च्या जुलैपासून 'अक्षर रिव्हर क्रूझ' या नावाची, दोन पोटांची आणि दुमजली, सुमारे ३० मीटर लांबीची बोट फिरते. दीडशेवर माणसे तीत मावतात, दीड तास ती पुलांखालून ये-जा करते, आणि त्या अवधीत वर संगीत व पंक्तीत भोजन असा कार्यक्रम असतो. ज्यांनी चाळीस वर्षांपूर्वीची साबरमती पाहिली असेल त्यांना हे वर्णन जादूच्या गोष्टीसारखे वाटेल, कारण ती नदी वर्षातले कित्येक महिने वाळूचा एक विस्तीर्ण पट्टा असे. तिच्या पात्रात खरबुजांच्या वाड्या होत, सर्कशीचे तंबू पडत, रविवारी जुन्या सामानाचा गुजरी बाजार भरे, आणि धुण्यासाठी म्हणून जे पाणी शोधायचे ते शोधावेच लागे. तिला तळ्याचे रूप देणाऱ्या गोष्टी दोन. १९७६ साली शहराच्या खाली वासणा येथे बंधारा झाला, त्यामुळे भांडे तयार झाले. आणि ते भांडे भरायला पाणी आले ते साबरमतीचे नव्हते. शहराच्या वरच्या अंगाला नर्मदेचा मुख्य कालवा साबरमतीला ओलांडून राजस्थानच्या दिशेने जातो, आणि जाता जाता आपल्यातले पाणी तिच्यात सोडतो. दोन्ही काठांच्या भिंती आणि फिरण्याचे रस्ते २०१२ साली लोकांसाठी खुले झाले, तेव्हा त्यांच्या मधोमध चमकत असलेले पाणी नर्मदामाईचे होते.

म्हणजे अहमदाबादच्या बोटीवर मेणबत्तीच्या उजेडात जे जोडपे जेवत असते, त्याच्या टेबलाखालचे पाणी तेथवर येण्यापूर्वी काही काळ आमच्या जिल्ह्यात मुक्काम करून आलेले असते. नंदुरबारच्या माणसाला ही जाणीव झाली की त्याचे त्या पाण्याशी नाते गिऱ्हाइकाचे राहत नाही. ते कोठे मुक्काम करून आले हे त्याला ठाऊक असते.

आणि येथे मला पुराणातली एक कथा सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही, कारण वाल्मीकि रामायणाच्या उत्तरकांडातली ही गोष्ट लहानपणी ऐकताना मी रावणाच्या फजितीला हसलो होतो आणि आता तिचा अर्थ मला अगदी वेगळा लागतो. माहिष्मतीचा राजा कार्तवीर्य अर्जुन आपल्या स्त्रियांसह नर्मदेत जलक्रीडा करीत होता. आणि आपल्या सहस्र बाहूंचे बळ किती आहे हे पाहावे, अशी लहर त्याला आली, म्हणून त्याने ते बाहू पसरून नर्मदेचा ओघ अडवला. नदी उलटी वाहू लागली. त्याच वेळी वरच्या अंगाला, अर्ध्या योजनावर, वाळूत शिवलिंग मांडून रावण पूजेला बसला होता. चढत आलेल्या पाण्याने त्याची सगळी फुले वाहून नेली. पाणी एकाएकी उलटे का आले हे पाहायला त्याने शुक आणि सारण यांना धाडले, त्यांनी परत येऊन कारण सांगितले, आणि पुढे युद्ध होऊन रावण कैदेत पडला. कथेकरी यात रावणाच्या गर्वहरणाचा बोध काढतात. मला त्यात आता दिसते ते एवढेच, की नर्मदेवर घातलेला पहिला बांध शृंगारासाठी होता, त्याचा आनंद खालच्या अंगाला होता, आणि फुगवट्यात ज्याची पूजा गेली त्याला त्या आनंदाची खबरदेखील नव्हती. रावणाजवळ निदान चौकशीला धाडायला दोन हेर होते.

आताचा फुगवटा अर्ध्या योजनाचा नाही. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाची कोनशिला ५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते बसली. राज्याराज्यांच्या भांडणापायी १९६९ साली लवाद नेमण्यात आला, त्याचा अखेरचा निवाडा १९७९ मध्ये झाला. बांधकाम, आंदोलन, न्यायालये आणि पुन्हा बांधकाम अशा क्रमाने भिंत चढत गेली, आणि १५ सप्टेंबर २०१९ रोजी जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण संचय पातळीला भरला. त्याची लांबी २१४ किलोमीटर आहे. नर्मदेच्या १,३१२ किलोमीटर प्रवाहापैकी महाराष्ट्राच्या वाट्याला फक्त थोड्याशा अंतराची एक बाजू येते, आणि ती सर्वच्या सर्व या जलाशयात गेलेली आहे. अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतल्या ३३ गावांची जमीन, कोणाची सगळी, कोणाची काठची सुपीक तेवढी, बुडिताखाली आली. मोबदल्यात वीजनिर्मितीचा शेकडा २७ हिस्सा राज्याला आणि तळोदा तालुक्यातली जंगलजमीन मोकळी करून वसवलेल्या सोमावल, रेवानगर, रोझवा, नर्मदानगर अशा वसाहती विस्थापितांना, असा हा जमाखर्च दप्तरी मांडलेला आहे. शूलपाणेश्वराचे जे प्राचीन देऊळ नर्मदेच्या काठावर होते, ज्याच्या नावावरून परिक्रमावासी या साऱ्या मुलखाला शूलपाणीची झाडी म्हणत आणि भिल्लांकडून अंगावरच्या लंगोटीपर्यंत लुटले जाण्याची तयारी ठेवूनच तीत शिरत, तेही पाण्याखाली गेले. नवे देऊळ दुसरीकडे बांधले. गो. नी. दांडेकरांचे 'कुणा एकाची भ्रमणगाथा' वाचून ज्यांच्या मनात ती परिक्रमा घर करून बसली असेल, त्यांनी आता तो काठ शोधायला येऊ नये. तो तेथे नाही.

या काठावरचे मणिबेली हे गाव धरणाच्या भिंतीला महाराष्ट्रातले सर्वांत जवळचे, आणि म्हणून सर्वांत आधी बुडिताची झळ लागलेले. योगायोग असा की, विधानसभेच्या मतदारसंघांत अक्कलकुव्याचा अनुक्रम पहिला आणि त्यातले पहिले मतदानकेंद्र मणिबेलीचे. म्हणजे महाराष्ट्राच्या मतदारयादीची सुरुवातच या गावापासून होते, आणि निवडणुकीच्या आदल्या दिवशी यंत्रे आणि कर्मचारी तेथे नावेतून पोहोचवावे लागतात.

तेव्हा आमच्या जिल्ह्यात बोट नाही असे मी वर म्हटले, ते भाच्याच्या अर्थाने. नाहीतर नर्मदेच्या त्या फुगवट्यावर बोटीवाचून पानही हलत नाही. जेथे पूर्वी पायवाटेने पलीकडच्या पाड्यावर जाता येत असे तेथे आता डोंगरांच्या फटीफटींत पाणी शिरून पाडे एकमेकांपासून तुटले आहेत, आणि रेशनचे धान्य, लसीची पेटी, बाजारचे सामान, शेळ्या, वऱ्हाडे, बाळंतिणी, सर्व काही नावेतून किंवा 'बार्ज'मधून जाते. आरोग्य खात्याचा तरंगता दवाखाना हा प्रकार वाचकांनी वर्तमानपत्रांत वाचला असेल. २०२० सालच्या टाळेबंदीत, संसर्गाच्या भीतीने आदिवासी स्त्रिया केंद्रावर येईनाशा झाल्या, तेव्हा चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविकेने एका मच्छीमाराची लहानशी होडी घेऊन, स्वतः वल्ही मारीत, दूरच्या पाड्यांवरच्या गरोदर बायका आणि तान्ही बाळे यांच्यापर्यंत आहार पोहोचवला. त्याची बातमी देशभर गेली. त्याच पाण्यात १५ जानेवारी २०१९ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, भुषा गावाजवळ पूजेला निघालेल्या भाविकांची गच्च भरलेली बोट उलटली आणि माणसे दगावली. मुंबईच्या त्या उपाहारगृहाच्या बुडण्याइतकी तिची चर्चा झाली नसावी, असे मला वाटते.

आता कोणी उद्योजक म्हणेल, पाणी स्थिर आहे, डोंगर रम्य आहेत, मग एखादी जेवणाची बोट तेथे का नांगरू नये? त्याने आधी दोन आकडे पाहावेत. पूर्ण भरलेल्या सरोवराची पातळी १३८.६८ मीटर आणि वापरून वापरून खाली न्यायची किमान पातळी ११०.६४ मीटर, म्हणजे भाद्रपद-आश्विनापासून ज्येष्ठापर्यंत पाणी २८ मीटर, नऊमजली इमारतीइतके, खाली उतरू शकते. आश्विनात ज्या खडकाशी तुम्ही धक्का बांधाल तो उन्हाळ्यात डोंगराच्या मध्यावर लोंबकळत राहील, आणि गिऱ्हाइकाला निसरड्या गाळाचा उतार उतरून जेवायला जावे लागेल. शिवाय पाणी उतरू लागले की बुडालेल्या झाडांचे सुकलेले शेंडे पृष्ठभागाच्या अगदी खाली येऊन थांबतात. ते दिसत नाहीत. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे नोंदणी, तपासणी, परवाना, जीवरक्षक जाकिटे हे सारे करून झाल्यावरही त्या शेंड्यांची नोंद कोणत्याही कचेरीत मिळणार नाही. साबरमतीला हे दुखणे नाही. तिच्या भांड्यातले पाणी कमी झाले की नर्मदेतून भरून घेता येते. नर्मदेच्या भांड्यातले कमी होते ते काही अंशी त्यामुळेही.

तापीकडे वळावे तर तिचाही स्वभाव जेवणाला अनुकूल नाही. खानदेशात ती काळ्या मातीच्या उंच, तुटलेल्या दरडींतून खोल वाहते. जुन्या काळी माल सुरतेहून बऱ्हाणपूरला बैलगाड्यांच्या तांड्यांनी गेला, नदीवरून गेला नाही, आणि नावेचे काम पावसाळ्यात माणसांना पैलतीरी पोहोचवण्यापुरते राहिले. आता सारंगखेडा आणि प्रकाशे येथे बंधारे आहेत, आणि जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कडेला १९७२ साली पुऱ्या झालेल्या उकाई धरणाचा फुगवटा आहे, त्यात मासेमारी चालते. प्रकाशे हे तापी-गोमाईच्या संगमावरचे क्षेत्र, लोक त्याला दक्षिण काशी म्हणतात. १९५४-५५ साली तेथे झालेल्या उत्खननात ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती उजेडात आली, म्हणजे त्या काठावर माणसे साडेतीन हजार वर्षे तरी जेवत आलेली आहेत, फक्त जमिनीवर बसून. केदारेश्वराच्या घाटावर आज नाव दिसते ती अस्थिविसर्जनाला आलेल्यांसाठी. तीत मेणबत्ती लावून बसण्याचा सल्ला नवविवाहितांना देण्याचे धाडस माझ्याने होणार नाही.

उरला तोरणमाळचा यशवंत तलाव. सातपुड्याच्या माथ्यावर, हजार मीटरांहून अधिक उंचीवर, हे एक स्वच्छ, शांत पाणी आहे. तेथे होडी फिरवतात. आणि आमच्या शहादा-नंदुरबारची जोडपी लग्नानंतर पहिल्या थंडीत तेथे जाऊन येतात. जेवण काठावर, होडी वेगळी. मला स्वतःला ही वाटणी शहाणपणाची वाटते, कारण आमच्याकडचे जेवण दोन्ही हात मोकळे असल्यावाचून जेवताच येत नाही. वरण-बट्टी घ्या: तुपात तळलेली बट्टी आधी चुरायची, तिच्यात वरण ओतायचे, शेजारी घोटलेल्या वांग्याची भाजी. शेवभाजीचा तर्रीदार रस्सा घ्या: ज्या जिल्ह्यात पौष-माघात पथाऱ्यांवर एकरच्या एकर लाल मिरची वाळत पडलेली असते आणि वाऱ्याची झुळूक आली की सारे शहर शिंकते, तेथला रस्सा पांढऱ्या चादरीच्या टेबलावर, डुलत्या नावेत, नव्या नवरीच्या साडीसमोर ठेवणे हा अविचार होय. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि तेलाची धार, एवढेच काय ते नावेत नेण्याजोगे.

आणि तेवढेच आम्ही नेले होते. ही गोष्ट मी भाच्याला सांगितली नव्हती. दोन-तीन वर्षांपूर्वी, कार्तिकात, एका स्नेह्यांच्या कामानिमित्त आम्ही उभयता चांदसैलीचा घाट चढून धडगावला आणि तेथून भुषाला गेलो. काम पलीकडच्या पाड्यावर होते, म्हणून नाव केली. आमच्याबरोबर धान्याची चार पोती, एक सायकल आणि एक शेळी होती. नावाडी पन्नाशीतला पावरा होता, आणि त्याची बायको नावेच्या दुसऱ्या टोकाला बसून पाणी उपसत होती, कारण तळाची एक फळी पाझरत होती. दुपार झाली तेव्हा त्याने यंत्र बंद केले. एकाएकी इतकी शांतता पसरली की शेळीच्या रवंथाचा आवाज ऐकू यावा. आम्ही आमचे फडके सोडले, त्यांनी त्यांचे; त्यांच्याकडे ज्वारीची भाकरी आणि आमचुराची आंबट चटणी होती, आमच्याकडचा ठेचा तिकडे गेला आणि चटणी इकडे आली. इतक्या वर्षांच्या संसारात ही आणि मी एकाच वेळी, समोरासमोर, दुसरे काही काम हाताशी नसताना, असे किती वेळा जेवलो असू, याचा हिशेब मी मनात करू लागलो, आणि तो फार मोठा भरेना. ती पाण्याकडे पाहत होती.

जेवण झाल्यावर नावाड्याने यंत्र चालू केले, पण नाव सरळ नेली नाही. मोकळ्या, स्वच्छ पाण्यातून तो उगाच डावीकडे वळला, थोडे पुढे जाऊन उजवीकडे. हिने विचारले, "भाऊ, सरळ का नाही नेत?" तो म्हणाला, "इथे खाली महू आहे. तिकडे बांध. आमच्या शेताचा." मग जाताना त्याने काही न विचारता एकेक सांगितले: येथे खळे, येथून वाट खाली नदीवर जायची, येथे त्याच्या थोरल्या भावाचे घर. ती गोष्ट सांगताना त्याच्या स्वरात दुःख होते असे मी म्हणणार नाही. रेल्वेतला गार्ड स्थानकांची नावे सांगतो, तसे तो सांगत होता. पाण्याखालचे सारे गाव त्याच्या डोक्यात अजून जागच्या जागी होते, आणि त्याच्या आधाराने तो नाव हाकत होता.

दुसऱ्या आठवड्यात भाच्याला मी कळवले ते असे. टेबलावर जेवायचे असेल तर अहमदाबादची बोट आहे, तिची जागा आगाऊ राखून ठेवावी लागेल. नर्मदेवर यायचे असेल तर उशीर करू नकोस, पाणी उतरू लागण्यापूर्वी ये. रात्रीचे जेवण मिळणार नाही, कारण अंधार पडल्यावर शहाणा नावाडी नाव काढत नाही. जाकिटे घालून बसावे. भाकरी मामी करून देईल. त्याच्या बायकोने फोन आपल्याकडे घेऊन एकच शंका विचारली, "मामा, त्या बोटीत टेबल नसलं तर निदान बसायला काही असतं ना?" मी सांगितले, आडवी फळी असते, मात्र शेळी आधी बसली असेल तर तिला उठवावे लागते.